नॅनो खतात गुंतवणुकीला वाव मोठा. पण खरा कौल शेतातूनच

खरिपात युरियाची टंचाई झाली की कृषी सेवा केंद्रावर ठरलेलं उत्तर मिळतं, "गोणी संपली, बाटली घेऊन जा." ही बाटली नॅनो युरियाची. या उद्योगाची ताकद आणि कच्चा दुवा, दोन्ही याच काउंटरवर दिसतात.

आधी ताकद पाहू. इफकोने २०२१ मध्ये नॅनो युरिया बाजारात आणला. गुजरातमधील कलोल येथील त्याच्या कारखान्याचं उद्घाटन मे २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. त्यावर सुमारे १७५ कोटी रुपये खर्च झाले. गोरखपूरच्या नेहमीच्या युरिया कारखान्याला मात्र ८ हजार कोटींहून जास्त लागले. शिवाय अर्ध्या लिटरच्या बाटलीला वाहतूक आणि गोदाम कमी लागतं, सरकारवर अनुदानाचा बोजा नाही आणि विक्रीला सहकारी सोसायट्यांचं जाळं तयार आहे. आरसीएफ आणि एनएफएल या सरकारी कंपन्यांनीही तंत्रज्ञानासाठी इफकोशी करार केला. गुंतवणूकदाराला आणखी काय हवं?

हिशेब कुठे अडतो?

४५ किलोच्या गोणीत २० किलोहून अधिक नत्र असतं. ५०० मिलीच्या सुरुवातीच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे जेमतेम २० ग्रॅम होतं. पानांवर फवारलेले सूक्ष्म कण थेट शोषले जातात, नत्र वाया जात नाही, म्हणून थोडं पुरतं, असा कंपनीचा दावा आहे. पण पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत युरियाची मात्रा घटवून नॅनो युरिया फवारल्यावर भाताचं उत्पादन सुमारे १३ टक्के आणि गव्हाचं २१ टक्क्यांहून जास्त घटलं.

दराचंही तसंच. गोणी २६६ रुपये ५० पैशांना, बाटली २२५ रुपयांना. वाचलेले चाळीस रुपये फवारणीच्या मजुरीतच जातात. त्यात गोणीसोबत बाटली गळ्यात मारली, म्हणजे 'लिंकिंग' केलं, की शेतकऱ्याचा उरलासुरला विश्वासही उडतो.

सक्तीने खपलेली बाटली म्हणजे मागणी नव्हे. त्या आकड्यांवर नवा कारखाना उभारणं धोक्याचं आहे. तालुक्या-तालुक्यात कापूस, सोयाबीन, उसावर कृषी विद्यापीठांनी प्रात्यक्षिक प्लॉट घ्यावेत आणि निकाल, चांगला असो वा वाईट, गावात जाहीर करावा. एका हंगामात फरक दिसला, तर शेतकरी पुढच्या वेळी बाटली स्वतःहून मागेल. नाही दिसला, तर तिथे पैसा न घालणंच शहाणपणाचं.