उसाला काटा, लेखकाला वाटाण्याच्या अक्षता

आमच्या तीर्थपुरीत उसाचा ट्रॅक्टर कारखान्यात शिरला की आधी काट्यावर चढतो. वजन होतं, पावती मिळते, मग गव्हाण. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते मिळतात का, हा विषय काढून मी कुणाचा चहा कडू करणार नाही. पण ऊस कुणाचा, एवढं तरी पावतीवर असतं!

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यात पुस्तकं गाळतात. ना काटा, ना पावती. रस त्यांचा, चिपाड लेखकाचं.

हे भाच्याला ऐकवलं. मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला, "मामा, तुम्ही बी दुसऱ्याची पुस्तकं वाचूनच लिहायला शिकलात की!"

मी गप्प. उत्तर सुचलं ते पहाटे. अरे, मी वाचलेलं प्रत्येक पुस्तक कुणीतरी विकत घेतलेलं होतं. बहुधा मी नव्हे, वाचनालयानं. पण घेतलेलं होतं! शिवाय इतकं वाचूनही मला वर्षाला एक दिवाळी अंक झेपतो. हे यंत्र एका रात्रीत हजारोंना लेख पाडून देतं आणि वर्गणीही घेतं.

2025 साली अमेरिकेत अँथ्रॉपिक कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश म्हणाले, पुस्तकांवरून यंत्राला शिकवणं कायद्यात बसतं. चोरीच्या प्रती साठवणं बसत नाही. तेव्हा सुमारे 5 लाख पुस्तकांपोटी कंपनीनं दीड अब्ज डॉलर कबूल केले. पुस्तकामागे सुमारे 3000 डॉलर, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या वर!

भाच्यानं मोबाइल खाली ठेवला. "मामा, तुमचं पुस्तक चोरलं का वो त्यांनी?"

माझ्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळालं नाही, चोर कुठला मिळायला?

त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे केंद्र सरकारच्या समितीनं सुचवलं: यंत्रांना सगळं वापरू द्या, कमाईतला वाटा लेखकांना द्या, मात्र लेखकाला 'नाही' म्हणता येणार नाही. चला, काटा तरी बसतोय. पण ऊस नेऊ का, हे शेतकऱ्याला विचारायचं राहिलंच की!

आमच्याकडे चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणारं पोरसुद्धा आधी ड्रायव्हरकडं बघतं. आपण चोरी करतोय, एवढं त्याला ठाऊक असतं.