मतमोजणी संपल्यावरचा डिसेंबर

आमचे एक जुने सहकारी आहेत. आर.एम.एस.मध्ये सॉर्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी धावत्या डब्यात, रात्रपाळीत, उभ्याने गेली. त्यांची मुलगी कर्ज काढून अमेरिकेत शिकायला गेली आहे. तिच्या वर्गात आठवड्यातून एकदा चालू राजकीय बातम्यांवर चर्चा होते. मधे एकदा विषय होता ३ नोव्हेंबर २०२६ या तारखेच्या निवडणुकांचा. अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर तिथे प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होते, तीच ही निवडणूक. तासभर पोरे हिरिरीने भांडली. टेक्सासच्या विधिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारसंघांचे नकाशे मधेच बदलून रिपब्लिकन पक्षाला पाच जागा जास्त मिळतील अशी सोय केली, ते बरोबर की चूक? त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जनमत घेऊन आपले नकाशे डेमोक्रॅट पक्षाच्या सोयीने कापले, तो न्याय की सूड? कोणाच्या किती जागा येणार?

बापाने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि टपालवाल्यांचं काय? रेल्वेवाल्यांचं? कोणी काही बोललं का?"

कोणी बोलले नव्हते. मुलगीही बोलली नव्हती. तिचे कारण वेगळे आहे. २०२५ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द होण्याचा सपाटा सुरू झाला, अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जाऊ लागली, तेव्हापासून ती वर्गात फक्त ऐकते. फी मात्र पूर्ण भरते.

हा किस्सा शाखेत सांगितला तेव्हा काही जण हसले. "तिकडच्या पोरांना उद्योग नाही, आणि आपल्याला त्यांच्या निवडणुकीशी काय देणेघेणे?" मित्रहो, आम्हाला हसू आले नाही. ही चर्चा आपल्या पोटापाण्याशी कशी जाऊन भिडते ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, विद्यार्थ्यांनी राजकारणावर बोलावे की नाही? आमचे उत्तर स्वच्छ आहे : बोलावे, भांडावे, टेबलावर मुठी आपटून बोलावे. अठराव्या वर्षी व्हिएतनामला मरायला पाठवायचे आणि मत द्यायला मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत थांबवायचे, हा तिथला जुना शिरस्ता होता. तो १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मोडला. आपल्याकडे एकविसाचे अठरा व्हायला १९८९ उजाडले. आणि ज्या महाराष्ट्रात पोरांना अठराव्या वर्षी खासदार निवडता येऊ लागला, त्याच महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यात तरतूद परत आली. २०१९ मध्ये निवडणुका ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. "पोरांनी अभ्यास करावा, राजकारणात पडू नये" हे वाक्य आपल्या रेल्वे कॉलनीतही रोज ऐकू येते. ज्यांच्या घरात आमदारकी आहे, त्यांच्या दिवाणखान्यात ते कधी ऐकू येते का?

अमेरिकेत हे उघडपणे म्हणत नाहीत. तिथे दारावर पाटी 'या, मतदान करा' अशी असते आणि दाराला कडी आतून असते. टेक्सासमध्ये वॉलर काउंटी आहे. तिथे प्रेअरी व्ह्यू हे १८७६ साली स्थापन झालेले, मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे विद्यापीठ आहे. सत्तरच्या दशकात तिथला नोंदणी अधिकारी या विद्यार्थ्यांना 'इथले रहिवासी नाहीत' म्हणून यादीत घेईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ मध्ये विद्यार्थी जिंकले. संपले? २००३-०४ मध्ये तिथल्याच सरकारी वकिलाने विद्यार्थ्यांना मतदानाबद्दल खटल्याची धमकी दिली. २०१८ मध्ये मुदतपूर्व मतदानाच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात केंद्रच ठेवले नाही म्हणून पुन्हा कोर्ट. त्याच राज्यात मतदानासाठी ओळख म्हणून पिस्तुलाचा परवाना चालतो, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. यावर वेगळे भाष्य करायची गरज आम्हाला वाटत नाही.

शिवाय मतदान मंगळवारी. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, म्हणून घोड्यागाडीने येणाऱ्या शेतकऱ्याच्या सोयीसाठी एकोणिसाव्या शतकात धरलेला वार आजही चालू आहे. देशभर लागू होणारी सुटी नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-बने मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा हक्क दिला आहे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात त्याला जोड नाही. काही राज्यांत दोन तास मिळतात, काहींत तेही नाहीत. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी हॉटेलात बशा धुणाऱ्या विद्यार्थ्याने रांगेत कधी उभे राहायचे? २०१४ च्या अशाच मध्यावधीत १८ ते २९ वयाच्या शंभरातल्या वीस जणांनीच मत दिले होते. २०१८ मध्ये ते प्रमाण ३६ झाले. अडथळे तेच होते, पण दोन निवडणुकांच्या मधे पोरांनी बोलायला सुरुवात केली होती. म्हणून आम्ही या चर्चेला हसत नाही.

आमचे भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. ही चर्चा क्रिकेटच्या धावफलकासारखी शिकवली जाते. याचे इतके, त्याचे इतके, बहुमताला किती कमी. मतमोजणीच्या रात्री फळा पुसला की विषय संपला! पण निवडणूक नोव्हेंबरात होते आणि नवे सभागृह ३ जानेवारीला बसते. मधल्या आठ आठवड्यांत जुनेच सभागृह कायदे करत असते. हरलेले सभासदही मत देतात, घरी जाणारेही देतात. तिकडे त्याला 'लेम डक', म्हणजे लंगड्या बदकाचे अधिवेशन म्हणतात. बदक लंगडे असेल, पण टपालवाल्याला आणि रेल्वेवाल्याला ते बरोबर चावले आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये मध्यावधी निवडणूक झाली, रिपब्लिकन दोन्ही सभागृहांत हरले. विद्यार्थ्यांनी, वर्तमानपत्रांनी 'परिवर्तन' म्हणून जल्लोष केला. आणि डिसेंबरात त्या मावळत्या काँग्रेसने टपालाचा कायदा केला. कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंदही न होता तो दोन्ही सभागृहांत पसार झाला. २० डिसेंबरला बुश यांची सही. त्या कायद्याने अमेरिकी टपाल खात्यावर बोजा टाकला की पुढे निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची तरतूद आजच, आगाऊ भरा. दहा वर्षे, वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर. दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्यावर असे ओझे नव्हते. मग काय होणार? हिशेबाच्या वहीत तोटाच तोटा. २०१२ पासून खात्याला ते हप्ते भरणेच जमेना. आणि 'टपाल खाते तोट्यात आहे' या एका वाक्यावर वर्गीकरण केंद्रे बंद झाली, खाजगीकरणाची भाषा सुरू झाली. हे वाक्य आपल्या टपाल बंधूंना अनोळखी नाही. तोटा आधी कायद्याने घडवायचा आणि मग त्या तोट्याचा दाखला द्यायचा, ही युक्ती सातासमुद्रापार एकाच शाळेत शिकलेली दिसते. ते कलम रद्द व्हायला एप्रिल २०२२ लागला. पंधरा वर्षांहून जास्त!

आता त्याच २०२२ सालाचे पाहा. तिथल्या मालगाड्या खाजगी कंपन्यांच्या. मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत जवळपास तीस टक्के माणसे कमी केली, गाड्या लांब केल्या, आणि उरलेल्यांवर चोवीस तास बोलावण्याची टांगती तलवार. एका कंपनीने तर हजेरीसाठी गुणांची पद्धत आणली : आजारी पडलात, गुण कापले, गुण संपले, शिक्षा. सुमारे १,१५,००० कामगार, बारा संघटना. त्यांची मुख्य मागणी काय होती? पगारी आजारी रजा. ती एकही नव्हती. आपला गँगमन (आता त्याला ट्रॅकमेंटेनर म्हणायचे, नाव बदलले, हातोडा तोच) वर्षाला वीस दिवसांची अर्धपगारी रजा खात्यावर जमा झालेली पाहतो. ती कोणी दान दिलेली नाही, मिळवलेली आहे. कंत्राटी सफाईवाल्याला तीही नाही, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात इंजिन चालवणाऱ्याला ताप आला तर पगार कापून घ्यावा लागत होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

सप्टेंबरात, निवडणुकीच्या दोन महिने आधी, सरकारच्या मध्यस्थीने एक करार जाहीर झाला. पाच वर्षांत २४ टक्के वाढ, एक दिवस जादा रजा, आजारी रजा शून्य. संप टळला, निवडणूक शांततेत पार पडेल अशी व्यवस्था झाली. ८ नोव्हेंबरला मतदान झाले. बारापैकी चार संघटनांच्या सभासदांनी तो करार मतदानाने फेटाळला. त्यात गाड्यांवरचे कंडक्टर होते, रुळांवरचे गँगवाले होते. आणि मग २८ नोव्हेंबरला, स्वतःला कामगारांचा सर्वांत मोठा मित्र म्हणवणाऱ्या बायडेन अध्यक्षांनी काँग्रेसला सांगितले की फेटाळलेला करार कायद्याने लादा. ३० तारखेला प्रतिनिधिगृहाने २९० विरुद्ध १३७ मतांनी तो लादला. सात दिवसांच्या पगारी आजारी रजेचा वेगळा ठराव २२१ विरुद्ध २०७ ने कसाबसा निघाला. १ डिसेंबरला सिनेटमध्ये रजेच्या बाजूने ५२ मते पडली, विरोधात ४३. बहुमत होते ना? होते. पण तिथे साठ लागतात! रजा पडली. करार लादायला मात्र ८० विरुद्ध १५. दुसऱ्या दिवशी सही. १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्यामुळे आता संप केला तर बेकायदा.

नोव्हेंबरभर एकमेकांना लोकशाहीचे शत्रू म्हणणारे दोन पक्ष डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत रेल्वेवाल्याच्या बाबतीत इतके सहज एकत्र येतात, हे राज्यशास्त्राच्या कोणत्या तासाला शिकवतात? आपल्याला ते शिकवावे लागत नाही. १९ सप्टेंबर १९६८ च्या एका दिवसाच्या संपासाठी आपल्यावर अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम आला होता, आणि मे १९७४ चे वीस दिवस ज्यांच्या घरांनी काढले ती घरे अजून आहेत. 'देशाची अर्थव्यवस्था थांबेल' हे कारण तिकडेही दिले गेले. ज्याच्या एका दिवसाने अर्थव्यवस्था थांबते, त्याला तापाचा एक दिवस देत नाहीत. तिथल्या संघटना मात्र खचल्या नाहीत. २०२३ मध्ये एकेका कंपनीशी बोलणी करत त्यांनी बऱ्याच कामगारांसाठी आजारी रजा पदरात पाडून घेतली. काँग्रेसने नाकारलेली गोष्ट शेवटी संघटनेने आणली.

सगळे विद्यार्थी धावफलकच पाहत होते असेही नाही. त्याच मध्यावधीनंतर सहा दिवसांनी, १४ नोव्हेंबर २०२२ ला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४८,००० शैक्षणिक कामगारांनी संप सुरू केला. त्यांत पदवीधर विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. वर्गातल्या चर्चा घेतात, पेपर तपासतात, प्रयोगशाळा सांभाळतात ते हेच. घरभाडे देऊन हातात काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. संघटना कोणती? मोटार कामगारांची! शिकवणाऱ्याने मोटार बनवणाऱ्याच्या झेंड्याखाली जाण्यात कमीपणा मानला नाही. सहा आठवडे टिकले, वेतनात घसघशीत वाढ घेऊनच २३ डिसेंबरला करार मंजूर केला. ज्यांनी आदल्या आठवड्यापर्यंत वर्गात जागांची बेरीज केली, तेच आता फलक घेऊन दारात उभे होते. हे चित्र आम्हाला आमच्या त्या सॉर्टरच्या मुलीच्या वर्गात हवे आहे.

आणि टपालवाल्यांचे म्हणाल तर, घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे मत पुष्कळदा पोस्टमनच्या थैलीतूनच जाते. २०२० मध्ये करोनाच्या काळात देशातली चाळीस टक्क्यांहून अधिक मते टपालाने पडली. त्याच उन्हाळ्यात खात्यातली शेकडो वर्गीकरण यंत्रे काढायला घेतली होती, जादा कामाचे तास कापले होते. ओरड झाली तेव्हा १८ ऑगस्टला थांबवले. ओरडणाऱ्यांत टपाल संघटना आघाडीवर होत्या. मताचा अधिकार घटनेत असतो हे खरे, पण ते मत वेळेत पोचवायला रात्रपाळीत कोणी तरी उभा असावा लागतो.

हे सगळे आम्ही त्या सहकाऱ्यांना कागदावर लिहून दिले : २००६ आणि २०२२, दोन्ही डिसेंबर, तारखा आणि मते. त्यांनी ते मुलीला वाचून दाखवले. तिने दोन प्रश्न विचारले : सिनेटमध्ये ५२ मते पडूनही हरले, हे नक्की का? आणि मी बोलले नाही तर हा कागद वर्गातल्या दुसऱ्या कोणाला दिला तर चालेल का? पहिल्याचे उत्तर आम्ही दिले. दुसऱ्याला बाप म्हणाला, "दे. पण ज्याचा बाप गाडीवर आहे, अशा पोराला दे." तसा कोणी वर्गात आहे का, ते ती शोधते आहे.