एक पौंड धान्य, एक आणा

१८७६-७८ च्या दुष्काळाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. एक म्हणतो, पाऊसच पडला नाही, त्याला इंग्रज काय करणार? दुसरा तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या नावाने बोटं मोडून मोकळा होतो. मद्रासेत माणसं मरत असताना १ जानेवारी १८७७ ला भरवलेला दिल्ली दरबार त्याच्या मदतीला असतोच. दोघांनी सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अंमलदाराची कारकीर्द जरा चाळावी.

१८७४ साली बिहारात पिकं बुडाली तेव्हा टेंपलसाहेबांनी सरकारी पैशाने ब्रह्मदेशचा तांदूळ आणवला. माणसं फारशी दगावली नाहीत. ओरड झाली ती उधळपट्टीची! साहेब काय ते समजले. १८७७ च्या जानेवारीत दुष्काळ पाहायला मद्रास-मुंबईकडे आले ते कात्री घेऊनच. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडणारा माणूस टिकणार नाही, असं मद्रासचे डॉ. कॉर्निश बजावत होते, आणि ते काही बंडखोर नव्हते, सरकारच्याच आरोग्य खात्याचे अधिकारी होते. इकडे दख्खनमध्ये हजारो मजुरांनी कामं टाकली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी, त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

माणसं कशी जगवायची हे सरकारला ठाऊक होतं. तीनच वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. माणसं जगवल्यावर बोल लागला आणि पैसा वाचवल्यावर बढती मिळाली. ५० लाखांवर जीव गेले, त्याचा जाब ढगांना विचारून भागत नाही.

पण इंग्रजांचं नाव घेतलं की आपले हात झटकायला आपण मोकळे, असंही नाही. भाव चढायची वाट पाहत कोठारं बंद ठेवणारे आणि दुष्काळातही तगादा लावणारे लंडनहून आले नव्हते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींनी १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी बालाश्रम उघडला. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी गोऱ्या अंमलदारांना झोडपलं, तसंच भट कामगारांना, म्हणजे ब्राह्मण सरकारी नोकरांना, आणि सावकारांनाही. फुल्यांच्या जयंतीच्या भाषणांत मात्र बहुधा गोऱ्यांवरचे पहिलेच फटके ऐकू येतात.