कुत-अल-अमाराची किंमत कोणी मोजली?

१/ वडगावच्या लढाईवरील लेखन आपण सर्वांनी वाचले आहे. ‘साहेबाचा माज उतरवला’ हा त्याचा ठरलेला सूर. विजयाचा अभिमान रास्तच आहे. आक्षेप आहे तो आपण तिथेच थांबतो याला. तोच माज १३६ वर्षांनी पुन्हा दिसला, तेव्हा त्याची किंमत मराठी सैनिकांनी मोजली. त्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

२/ आधी वडगाव, थोडक्यात. १७७८च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे ४ हजारांची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी निघाली. सोबत हजारो बैलांचे लटांबर. मराठे सरदार आपल्याला येऊन मिळतील, हे गृहीतच धरलेले. कोणी मिळाले नाही. वाटेतला दाणावैरणीचा मुलूख जाळलेला. तळेगावाहून माघार घेताना फौज वेढली गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावचा तह झाला.

३/ आता इराक. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेणारी फौज कोणती? भारतीय सैन्याची सहावी, म्हणजे ‘पुणे’ डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. पुणे, सातारा, कोल्हापूर, कोकणातील शेतकऱ्यांची मुले तैग्रिस नदीकाठी लढत होती.

४/ सुरुवातीचे विजय स्वस्तात मिळाले. जून १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांनी मोजक्या माणसांनिशी बोटीतून जाऊन अमारा शहर ताब्यात घेतले, सप्टेंबरात कुत घेतले. तुर्क म्हणजे पळणारा शत्रू, हे मत येथे पक्के झाले. वरिष्ठ सेनापती निक्सन यांची नजर बगदादवर गेली.

५/ हे मत अज्ञानातून आले, असे म्हणण्याची सोय नाही. त्याच वर्षी एप्रिलपासून त्याच तुर्कांनी गॅलिपोलीत ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा किनाऱ्यालगत रोखून धरल्या होत्या. पुरावा डोळ्यांसमोर होता. पण लंडनच्या मंत्रिमंडळाने त्यातून उलटाच निष्कर्ष काढला: गॅलिपोलीत गेलेली अब्रू बगदाद घेऊन भरून काढू. ऑक्टोबर १९१५ मध्ये परवानगी मिळाली.

६/ टाउनशेंड यांना स्वतःला शंका होती. सैन्य अपुरे आहे, रसद नेणाऱ्या बोटी कमी आहेत, हे त्यांनी कळवले होते. शत्रूची कुमक येत असल्याच्या बातम्याही मुख्यालयापर्यंत पोहोचत होत्या. निक्सन यांनी त्यांना महत्त्व दिले नाही. आणि टाउनशेंड शंका गिळून पुढे निघाले.

७/ २२ नोव्हेंबर १९१५, टेसिफॉन. बगदाद अवघ्या काही मैलांवर. समोर खंदकांत बसलेले, संख्येने अधिक आणि अजिबात न पळणारे तुर्क. चार दिवसांत सुमारे साडेचार हजार सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून नदीपर्यंत आणि तेथून खचाखच भरलेल्या बोटींतून बसऱ्याला नेले. वरिष्ठांना मात्र सारे नीट पार पडल्याचे कळवण्यात आले.

८/ माघार घेतलेली फौज डिसेंबरात कुतमध्ये वेढली गेली. येथे दुसरी चूक झाली. टाउनशेंड यांनी आपल्याजवळचे धान्य प्रत्यक्षापेक्षा फार कमी असल्याचे कळवले. त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या फौजेने पुरेशी तयारी न करताच हल्ले चढवले. वेढा उठवण्याच्या या प्रयत्नांत सुमारे २३ हजारांची हानी झाली. म्हणजे ज्यांना सोडवायचे त्यांच्याहून कितीतरी अधिक.

९/ कुतमध्ये घोडे कापून खाण्याची वेळ आली. बहुसंख्य हिंदी सैनिकांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. उपासमार आणि स्कर्व्ही वाढली. टाउनशेंड यांनी पुढे दोषाचे बोट याच सैनिकांकडे दाखवले. बगदादचा हुकूम काही या सैनिकांनी दिला नव्हता!

१०/ शेवटचा उपाय तर विलक्षण. वेढा उठवण्याच्या मोबदल्यात १० लाख, मग २० लाख पौंड देऊ केले गेले. वाटाघाटीस गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होते. एन्व्हर पाशांनी देकार धुडकावला. तुर्क लढणार नाही, हा समज टेसिफॉनला मेला होता. तुर्क विकला जाईल, हा समज कुतला मेला.

११/ २९ एप्रिल १९१६. सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांत बहुसंख्य हिंदी. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, कैदेत असतानाच त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९२० मध्ये ते पार्लमेंटवर निवडून गेले. सामान्य शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले गेले. हजारो परतलेच नाहीत.

१२/ कोणी म्हणेल, मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांनी बगदाद घेतलेच ना? घेतले. पण त्याआधी जनरल मॉड यांनी कित्येक महिने बोटी, रस्ते, रेल्वे आणि इस्पितळे उभारली. शत्रू तोच. बदलला तो हिशेब. म्हणजे १९१५ मध्ये शौर्य कमी पडले नव्हते. वरच्यांनी गणितच मांडले नव्हते.

१३/ पुणे-सातारा पट्ट्यातील कित्येक गावांत एक दगडी पाटी आढळते: या गावातून इतके जण महायुद्धात गेले, इतके मेले. नावे नाहीत, फक्त आकडे. आपल्या गावात अशी पाटी असेल तर थांबून वाचा.

१४/ मी खोडदचा. आमच्या शिवारात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. आलेला संकेत अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून तेथे कोणी तो पुसून टाकत नाही. उलट त्याकडेच अधिक लक्ष जाते. निक्सन यांनी नेमके उलट केले. आणि ‘आपला शत्रू मूर्खच असतो’ हे गृहीत धरून आपण इतिहास लिहितो, तेव्हा आपणही निक्सन यांच्याच पंगतीला बसतो. वडगाव जरूर साजरे करा. पण कुत वगळून केलेला तो उत्सव अर्धाच राहतो, आणि उरलेल्या अर्ध्यात आपलीच माणसे गाडलेली आहेत.