जुन्या गिऱ्हाइकाचा हिशेब

धान्य महिनाभरात संपते, कापड काही वर्षांत विरते, म्हणून त्यांचे गिऱ्हाईक आपोआप दुकानाची पायरी पुन्हा चढते. तांब्याच्या तारेचे तसे नाही. नीट बसविलेली तार माणसाच्या हयातीत सहसा बदलावी लागत नाही. मग तार विकणाऱ्याने त्याच ग्राहकाला दुसऱ्यांदा काय विकावे? संगीतप्रेमींच्या उंची ध्वनियंत्रणेसाठी लागणाऱ्या केबलच्या व्यवसायाने गेली चाळीसहून अधिक वर्षे या प्रश्नाची उत्तरे शोधली आहेत. त्यांतील काही उत्तरे घेण्यासारखी आहेत, काही टाळण्यासारखी.

१९७०च्या दशकापर्यंत अँप्लिफायर व स्पीकर जोडण्यासाठी दिव्याला वापरतात तशीच साधी वायर वापरली जाई आणि अनेक दुकानदार ती यंत्रासोबत फुकट देत. नोएल ली हे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम केलेले अभियंते. त्यांनी निरनिराळ्या जाडीच्या तारा घरी लावून संगीत ऐकले आणि १९७९ मध्ये 'मॉन्स्टर केबल' ही कंपनी काढली. लांब अंतरासाठी जाड तार चांगली, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. परंतु त्यांचे खरे व्यापारी कौशल्य पुढेच होते. यंत्रांच्या विक्रीत चढाओढ मोठी आणि नफा तुटपुंजा; केबलवर मात्र नफा भरघोस, हे त्यांनी दुकानदारांना पटवून दिले आणि विक्रेत्यांना केबल कशी विकावी याचे शिक्षणही दिले. फुकट देण्याची वस्तू अशा रीतीने स्वतंत्र विक्रीचा माल झाली.

त्यानंतर या मालाच्या पायऱ्या पडल्या. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात 'ऑडिओक्वेस्ट' सुरू झाली. तिच्या एचडीएमआय केबलच्या एका मालिकेत 'पर्ल' निव्वळ तांब्याची, 'फॉरेस्ट'मध्ये अर्धा टक्का चांदी, 'सिनॅमन'मध्ये सव्वा टक्का, 'कार्बन'मध्ये पाच टक्के आणि 'डायमंड' संपूर्ण चांदीची, अशी चढती भाजणी होती. चांदीची विद्युतवाहकता तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनीच अधिक. किमतीतील अंतर मात्र कित्येक पटींचे. मॅसॅच्युसेट्समधील 'नॉरडॉस्ट' या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने 'वाल्हाला'नंतर 'वाल्हाला २' आणली, तिच्या वरच्या श्रेणीत 'ओडिन' आणि पुढे 'ओडिन २'. या सर्वोच्च श्रेणीतील स्पीकर केबलच्या एका जोडीची किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते. ज्या पायरीवर ग्राहक उभा राहतो, तेथून त्याला वरची पायरी सतत दिसत राहावी, अशी ही रचना आहे.

मोजमापाची बाजूही व्यापाऱ्याला ठाऊक असावी. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीच एमएम' म्हणतात, ती घरगुती तांब्याची वायर पाच मीटर अंतरावर नेली, तर जाण्यायेण्याच्या दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. २००७ मध्ये जादूगार व चिकित्सक जेम्स रँडी यांनी आव्हान दिले होते, की सात हजार डॉलरहून अधिक किमतीची एक स्पीकर केबल न पाहता केवळ कानाने ओळखून दाखवावी आणि दहा लाख डॉलर न्यावेत. ती परीक्षा अखेर झालीच नाही. ज्याला फरक ऐकू येतो त्याच्या आनंदाशी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र जेथे माप इतके थोडे सांगते, तेथे मालाची बहुतेक किंमत विक्रेत्याच्या शब्दावर उभी असते. अशा व्यापारात शब्द हेच भांडवल.

वारंवार येणाऱ्या नव्या आवृत्त्या नेमके हेच भांडवल खातात. दोन वर्षांपूर्वी विक्रेता ग्राहकाला म्हणाला होता, 'या केबलने संगीतावरचा पडदा दूर होतो.' आज नव्या केबलविषयी तो तेच म्हणतो. मग जुन्या केबलने कोणता पडदा दूर केला होता? प्रत्येक नवे वर्णन हे मागील वर्णनाविरुद्ध दिलेली साक्ष ठरते. शिवाय नवी आवृत्ती आली की जुनीची बाजारातील किंमत उतरते आणि त्याची झळ सर्वांत जास्त विश्वासाने, सर्वांत आधी खरेदी करणाऱ्यालाच लागते. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंविषयी असाच एक विचार मांडला होता: विक्रेता पुढे भाव उतरविणार हे ग्राहकांना कळले, की ते आज थांबतात. नव्या आवृत्त्यांचेही तसेच आहे. वर्षा-दोन वर्षांनी नवा माल येणारच, हे ग्राहकाला पाठ झाले की त्याचा हात खिशाकडे जाईनासा होतो.

याला काही व्यावसायिकांनी विचारपूर्वक उत्तर दिले आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातील 'ट्रान्सपेरंट' ही कंपनी जुन्या ग्राहकाला त्याची केबल नव्या पिढीप्रमाणे करून घेण्याची किंवा वरच्या श्रेणीत बदलून घेण्याची सोय देते. पेनसिल्व्हेनियातील 'द केबल कंपनी' हे दुकान ग्रंथालयातून पुस्तक द्यावे तशा केबल थोड्या शुल्कावर घरी ऐकण्यासाठी देते; न आवडल्यास परत करता येतात. ध्वनियंत्रांच्या क्षेत्रातच ग्लासगोच्या 'लिन' कंपनीचे 'सोनडेक एलपी१२' हे तबकडीवादक यंत्र १९७०च्या दशकाच्या आरंभापासून आजतागायत विकले जाते. त्याचे भाग वेळोवेळी सुधारले गेले. २०२० मध्ये आलेले 'करूसेल' बेअरिंग जुन्या यंत्रातही बसविता येते. ज्याच्या वडिलांनी ते यंत्र घेतले, तो मुलगाही त्याच कंपनीचा ग्राहक राहू शकतो.

तरीही 'जुने द्या, नवे घ्या' ही योजना पारखूनच घ्यावी लागते. सराफाकडे जुना दागिना मोडीत दिला तर घडणावळ जाते, पण सोन्याचे वजन उरते. ते दुसऱ्या पेढीवरही विकता येते. केबलमध्ये तांब्याचे मोल अत्यल्प, जवळजवळ सगळी किंमत घडणावळीचीच. अनेक योजनांत जुन्या केबलची पूर्ण किंमत मिळते, परंतु त्याच दुकानात आणि तिच्याहून महाग केबल घेतली तरच. ग्राहकाचा पैसा दुकानातून कधी बाहेर पडत नाही. वरच्या पायरीवर तो अधिकाधिक भर घालीत जातो. खतावणीत हा गृहस्थ निष्ठावंत दिसतो. प्रत्यक्षात तो अडकलेला असू शकतो, आणि अडकलेला माणूस सुटताक्षणी जातो. जाताना आप्तेष्टांना सावधही करून जातो.

म्हणून पुन्हा आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची गणना निष्ठेत करणे चुकीचे. एक येतो तो असमाधानाने: आपल्याकडे काहीतरी उणे आहे, ही रुखरुख त्याला आणते. ती रुखरुख ज्या जाहिरातीने निर्माण केली, तिच्याहून मोठी जाहिरात दिसली की तो तिकडे वळतो. दुसरा येतो तो भरवशाने: मागील वेळी जे सांगितले गेले ते खरे निघाले, म्हणून. विक्रीच्या आकड्यात दोघे सारखेच. मंदीच्या वर्षी मात्र दुसराच टिकून राहतो.

मोबाइल, घड्याळे, स्वयंपाकघरातील यंत्रे, वाहने, सॉफ्टवेअर अशा ज्या ज्या व्यवसायात आवृत्त्या बदलतात, तेथे दुकानावर बसू लागलेल्या नव्या पिढीने काही नियम स्वतःला घालून घ्यावेत. नव्या मालाचे गुण सांगताना कालच्या मालाला नावे ठेवू नयेत. तोही याच पेढीने विकलेला आहे. नवा माल लवकरच येणार असल्याचे ठाऊक असेल, तर ते आज खरेदीला आलेल्या ग्राहकाला सांगावे. फरक मोजता येत असेल तर आकडा द्यावा; येत नसेल तर वस्तू चार दिवस घरी नेऊ द्यावी. परतीच्या अटी बिलावर लिहून द्याव्यात. आणि ज्याच्या गरजेला जुनेच पुरेसे आहे, त्याला 'तुम्हाला हे बदलण्याची गरज नाही' असे सांगण्याचे धैर्य ठेवावे. त्या दिवशीची विक्री बुडेल. पण मुलाच्या लग्नात किंवा नव्या घराच्या वेळी मोठी खरेदी करताना तो गृहस्थ आधी कोणाचा सल्ला घेईल, हे त्याच दिवशी ठरलेले असते.