सहा दिवस आणि साडेसहा कोटी वर्षे

पेण तालुक्यातील डोलवीच्या आसपासचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला, असे भूविज्ञान सांगते. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधील वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी झाल्याचा हिशेब मांडला होता. या दोहोंतून एक निवडणे म्हणजे विज्ञान आणि श्रद्धा यांतून एक निवडणे, असे सृष्टिवादी ख्रिस्ती मानतात. आणि त्यांची टवाळी करणारेही नेमके हेच गृहीत धरतात. आमच्या मते हा वाद मुळात वाचनाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरवू नये, ते यासाठीच.

'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात पशुपक्ष्यांनंतर मनुष्य येतो. दुसऱ्यात आधी मनुष्य घडतो, मग पशुपक्षी. हे वृत्तान्त शेजारी ठेवणाऱ्या संकलकांना ही विसंगती दिसलीच नसेल, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांना घटनाक्रम नोंदवायचा नव्हता. ईश्वर, सृष्टी आणि मनुष्य यांचे नाते सांगायचे होते. संत ऑगस्टीननेही पाचव्या शतकात त्या 'दिवसां'ना चोवीस तासांत कोंडले नव्हते. उत्क्रांती हे आता केवळ गृहीतक राहिलेले नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली मान्य केले.

मराठीला तर ही कथा प्रथमपासून काव्यरूपातच भेटली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला 'पुराण' म्हटले आणि ओवी वापरली. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा २४३ वर्षे होती. स्टीफन्स यांना उत्क्रांतिवादी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पुराण कशासाठी ऐकायचे, हे मराठी श्रोत्याला ठाऊक होते.

श्रद्धावंतांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. आदाम रूपक असेल, तर आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना करणाऱ्या पौलाचे काय? आणि मग पुनरुत्थानही रूपकच का नव्हे? याचे उत्तर सरसकट देता येणार नाही. स्तोत्र, वंशावळ, पत्र, शुभवर्तमान यांचे वाङ्मयप्रकार भिन्न आहेत. प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीनुसार वाचावे लागेल. हे कष्टाचे आहे, पण प्रामाणिक आहे.

हे कष्ट टाळले, तर त्यांची किंमत तरुण विद्यार्थी मोजतो. जीवशास्त्राचे पुस्तक की धर्मग्रंथ, अशी सक्ती त्याच्यावर झाली, तर दोहोंपैकी एकाला तो कायमचा मुकेल. ही सक्ती धर्मग्रंथाने केलेली नाही. ती त्याच्या उतावळ्या वाचकांनी केली आहे.