बातमी कोर्टाची, की घराची?

नाव छापलं नाही म्हणजे ओळख झाकली, असं आपण धरून चालतो. मुंबईत ते चालून जाईलही. पण समजा, पेपरात एवढीच ओळ आली : ‘तळा तालुक्यातील अमुक वाडीतील नववीतील मुलगी, वडील मुंबईत नोकरीला, आरोपी शेजारी.’ तळ्याच्या एसटी स्टँडवर पेपर उघडणाऱ्याला आणखी काय सांगायला हवं? संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत त्या घराचीच चर्चा!

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकाचं नावच नव्हे, तर पत्ता, फोटो, शाळा, शेजार, घरच्यांची माहिती, यातलं ओळख पटवणारं काहीही छापता येत नाही. बलात्कारपीडितेचं नाव तिच्या मृत्यूनंतरही असं उघड करू नये, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये बजावलं.

मग पत्रकारांना कोर्टाचं दार बंदच करावं का? मुळीच नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. वर्षभराने कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. निकाल दडून राहिला असता, तर हे घडलं असतं का? पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरला, तोही याच दुरुस्तीने. मात्र त्या मुलीचं नाव आजही खटल्याला चिकटलेलं आहे. इथे ते मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यावाचून काही अडलंही नाही.

लैंगिक गुन्ह्यांपलीकडे मात्र कवच पातळ होतं. आपल्याच रायगडात, पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दच्या जंगलात २०१२ मध्ये मृतदेह सापडला. २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा कोण कुणाची मुलगी, कुणाचं लग्न कितवं, यावर चॅनेलवाल्यांनी रात्री जागवल्या. पुराव्याशी संबंध असेल तेवढं ठीक, बाकीचं कशासाठी? पीडित, साक्षीदार किंवा त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती पडद्यावर दाखवू नयेत, असं मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये प्रसारमाध्यमांना सांगितलं. पण आरोपीच्या बायकोचं काय? तिला पाण्याला जायचंच असतं, तिच्या पोरांना शाळेत बसायचंच असतं. त्यांनी कुठला गुन्हा केला?

म्हणून वार्ताहराने एक साधी कसोटी लावावी. पोलिसांनी फिर्याद घ्यायला किती दिवस लावले, तारखा का पडल्या, सरकारी वकील हजर होते का, न्यायाधीशांनी कोणत्या कारणाने निकाल दिला, हे खुशाल, सविस्तर लिहावं. ते आपल्या हक्काचं आहे. घराची खूण मात्र गाळावी. तालुका लहान असेल, तर गावाचं नावही गाळावं.

आणि आपण वाचणाऱ्या? बातमीत गाळलेलं नाव आपणच व्हॉट्सअॅपवर भरून पाठवलं, तर कायदा आपल्यालाही सोडत नाही. ‘कोणाची गं ती?’ हा प्रश्न आपल्यापाशीच थांबायला हवा.